मतं मोजतात कशी, चुकतात कुठं : सोसायटीच्या निवडणुकीचा हिशेब

आप्पा तीन मतांनी पडले, त्या रात्री आम्ही घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. निवडणूक विकास सोसायटीची, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेची. काकूनं भाकरी झाकून ठेवली होती, तिला कुणी हात लावला नाही. आप्पा ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एकच वाक्य बोलले, "आपला मतं कथा गयात?" आपली मतं गेली कुठं?

पुढचे पंधरा दिवस अख्खं गाव या प्रश्नाचं उत्तर एकाच दिशेनं शोधत होतं : दगा कुणी दिला? अमुक घरात पाच मतं होती, शब्द दिला होता, मग ती गेली कुठं? दोन चुलतभावांचं बोलणं तुटलं. एकाच्या लग्नाला दुसरा गेला नाही. मतं मोजताना काही चुकलं असेल का, हे मात्र कुणी विचारलंच नाही. मोजणीच्या टेबलावर मी स्वतः आप्पांचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. तरीही तो प्रश्न मला तालुक्याच्या एका वकिलांनी विचारला तेव्हाच सुचला. त्यांनी काय विचारलं ते पुढं सांगतो. आधी ही मतं मोजतात कशी, ते नीट समजून घेऊ. ते माहीत नसेल तर मोजणीवर शंका घेणंही जमत नाही आणि विश्वास ठेवणंही जमत नाही.

एका माणसाचे तेरा शिक्के

विधानसभेला एक मतदार, एक बटण, एक मत. सोसायटीत तसं नसतं. बहुतेक विकास सोसायट्यांत तेरा संचालक असतात. आठ सर्वसाधारण कर्जदार गटातून, दोन महिला, एक अनुसूचित जाती-जमातीचा, एक इतर मागासवर्गाचा आणि एक भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाचा. राखीव जागेवर उमेदवार त्या वर्गाचा लागतो, मत मात्र सगळे सभासद देतात. म्हणजे मतदाराच्या हातात पाच रंगांच्या पाच मतपत्रिका येतात आणि त्यावर त्याला एकूण तेरा शिक्के मारायचे असतात. सहाशे माणसांनी मतदान केलं तर मोजायला सात हजार आठशे शिक्के.

त्यात सर्वसाधारण गटाची मतपत्रिका सगळ्यांत किचकट. तिच्यावर वीस-पंचवीस नावं असतात, मतदारानं जास्तीत जास्त आठ शिक्के मारायचे. पाच मारले तरी मतपत्रिका चालते, नऊ झाले की पूर्ण मतपत्रिका बाद. पॅनेल म्हणजे एकाच चिन्हावर एकत्र लढणारा उमेदवारांचा गट. पॅनेलवाले घरोघर सांगतात, "आपल्या कपबशीवर ओळीनं शिक्के मारा." पण गावात नाती असतात. सहा शिक्के कपबशीला, एक समोरच्या छत्रीच्या पॅनेलमधल्या मेहुण्याला, एक अपक्ष मित्राला, असं सर्रास होतं. याला आपण मत फोडणं म्हणतो. सरळ पॅनेलचं मत मोजायला सोपं, फोडलेलं मत मोजायला अवघड. निकाल जवळपास नेहमी फोडलेल्या मतांवरच ठरतो, आणि चूक होण्याची जागाही तीच.

हे काम करतात कोण? सहकार खात्याचे निवडणूक निर्णय अधिकारी आणि त्यांनी जमवलेले कर्मचारी. २०१३ च्या कायदा दुरुस्तीनंतर या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होतात. ही माणसं सकाळपासून मतदान केंद्रावर बसलेली असतात आणि अनेकदा त्याच संध्याकाळी मोजायला बसतात. मी जे पाहिलं त्यावरून माझं मत असं आहे की गावच्या मोजणीत जेवढ्या चुका होतात, त्यांतल्या बहुतेक थकव्याच्या असतात, लबाडीच्या नव्हे. पण थकव्यानं गेलेलं मतही गेलेलंच असतं. हरलेल्याला चूक कशामुळं झाली यानं फरक पडत नाही, आणि पडूही नये.

विकास सोसायटी ही छोटी संस्था म्हणून कुणी हलक्यात घेऊ नये. पीककर्ज तिच्यातूनच मिळतं. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत मत द्यायला कुणी जायचं, त्याचा ठराव तिथंच होतो. बाजार समितीच्या अठरा संचालकांपैकी अकरा या सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर निवडून येतात. म्हणजे आमच्या गावातल्या तीन मतांचा धक्का तालुक्यापर्यंत पोहोचतो.

पहिला हिशेब : कागद किती गेले, किती आले

मोजणीचा पाया म्हणजे मतपत्रिकांचा हिशेब. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एक तक्ता भरतात. किती मतपत्रिका मिळाल्या, किती दिल्या, किती खराब झाल्या, किती कोऱ्या उरल्या. उदाहरण घेऊ. समजा एका रंगाच्या ८५० मतपत्रिका आल्या, ६१२ मतदारांना दिल्या, २३८ कोऱ्या उरल्या. बेरीज जुळली. आता पेटी उघडली आणि आत ६११ निघाल्या.

इथं गडबड सुरू होते. "एक मत चोरलं!" पण एक कमी निघणं ही बहुधा साधी गोष्ट असते. एखादा म्हातारा मतपत्रिका घडी करून खिशात घालून घरी जातो. कुणी दुसऱ्या रंगाच्या पेटीत टाकतो. आधी बाकीच्या पेट्या तपासायच्या, तिथं सापडली नाही तर तशी नोंद करायची आणि पुढं जायचं.

पण पेटीत ६१३ निघाल्या तर? तर थांबायचं. दिलेल्यापेक्षा जास्त कागद पेटीत येऊच शकत नाहीत. एक शक्यता अशी असते की दोन मतपत्रिका एकमेकींना चिकटून एकाच मतदाराच्या हातात गेल्या. ते स्थळप्रतींवरच्या, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर मागं उरणाऱ्या तुकड्यांवरच्या, अनुक्रमांकावरून लगेच कळतं. तसं नसेल, तर मोजणी पुढं नेण्याआधी अधिकाऱ्यानं कारण शोधलंच पाहिजे आणि प्रतिनिधीनं ते लेखी मागितलंच पाहिजे. कमी निघणं आणि जास्त निघणं यांतला हा फरक मोजणीला जाणाऱ्या प्रत्येकानं डोक्यात पक्का ठेवावा. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत लोक कमी निघालेल्या एकासाठी ओरडत होते. जास्त निघालेल्या एकाकडे कुणाचं लक्ष नसायचं.

हा हिशेब मोजणीच्या दिवशी तुमच्या हातात हवा. मतदान संपताना मतदान केंद्रावरचा आपला प्रतिनिधी उठून घरी गेलेला असतो, ही नेहमीची गोष्ट आहे. सकाळी सातपासून बसलेला असतो, भूक लागलेली असते. पण त्यानं केंद्राध्यक्षांचा तक्ता पूर्ण होईपर्यंत थांबून आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले नाहीत, तर मोजणीच्या टेबलावर जुळवायला तुमच्याकडे काहीच नसतं.

दुसरा हिशेब : गठ्ठे आणि रेघा

पेटीतल्या मतपत्रिका मोजून झाल्या की त्या एकत्र मिसळतात, मग वेगळ्या करतात. सरळ पॅनेलची मतं एका बाजूला, फोडलेली एका बाजूला, बाद वाटणारी एका बाजूला. सरळ मतांचे पंचवीसचे गठ्ठे बांधतात. गठ्ठा म्हणजे पॅनेलच्या आठही जणांना प्रत्येकी पंचवीस मतं. हे भराभर उरकतं.

फोडलेली मतं मात्र एकेक वाचावी लागतात. एक कर्मचारी मतपत्रिका हातात धरून नावं वाचतो, दुसरा तक्त्यावर रेघा ओढतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली पाचाची जुडी. टेबलाभोवती आठ-दहा माणसं वाकलेली असतात. वाचणारा म्हणतो "सात नंबर", लिहिणाऱ्याला "आठ नंबर" ऐकू येतं. एक रेघ एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दोघांची बेरीज तेवढीच राहते, पण एकाचं मत दुसऱ्याला गेलेलं असतं.

म्हणून बेरजेची परीक्षा कुठवर चालते आणि कुठं संपते, ते बघा. समजा सर्वसाधारण गटात ५९० मतपत्रिका चांगल्या ठरल्या. प्रत्येकीवर जास्तीत जास्त आठ, म्हणजे सगळ्या उमेदवारांची मिळून मतं ४,७२० पेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. बेरीज ४,७३१ आली, तर कुठंतरी नक्की चूक आहे, यात वाद नाही. बेरीज ४,६५५ आली, तर ६५ शिक्के लोकांनी मारलेच नाहीत असा अर्थ निघतो, आणि तो खरा असू शकतो. पण ४,६५५ आली म्हणून मोजणी बरोबर झाली, असं ठरत नाही. सात नंबरची रेघ आठ नंबरला गेली तरी बेरीज ४,६५५ च येणार. एकूण बेरीज जुळणं आणि ज्याचं मत त्याला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिकारी "टोटल जुळलं बघा" म्हणतात ते खरं असतं, आणि तरी तुमची शंकाही खरी असू शकते.

यावर एक साधा उपाय आहे, तो मी एका निवृत्त गटसचिवांकडून, म्हणजे सोसायटीचं दप्तर सांभाळणाऱ्यांकडून, शिकलो. फोडलेल्या मतपत्रिकाही पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यानं वाचायच्या. प्रत्येक गठ्ठा वाचताना न मारलेले शिक्केही मोजायचे. पंचवीस मतपत्रिका गुणिले आठ, म्हणजे दोनशे. त्या गठ्ठ्यातली सगळ्यांची मतं अधिक रिकामे शिक्के, बरोबर दोनशे आले पाहिजेत. एखाद्या गठ्ठ्यात एकशे नव्व्याण्णव आले तर तोच गठ्ठा पुन्हा वाचायचा, पाच मिनिटांचं काम. शेवटी हजारोंच्या बेरजेत एकाचा फरक शोधायला गेलात तर रात्र जाते आणि माणसं एकमेकांच्या अंगावर जातात. आपला प्रतिनिधी वाचणाऱ्याच्या बाजूला उभा राहिला पाहिजे, लिहिणाऱ्याच्या नव्हे, आणि त्यानं स्वतःच्या कागदावर स्वतःच्या रेघा ओढल्या पाहिजेत. मग सात-आठची अदलाबदल तिथल्या तिथं पकडली जाते.

बाद मतांचा ढीग

आता माझ्या टेबलावरची गोष्ट.

मतपत्रिकेवर शिक्का मारला की शाई ओली असते. मतदार घाईनं घडी करतो. ओला शिक्का समोरच्या भागावर उमटतो आणि मतपत्रिका उघडल्यावर एकाच्या जागी दोन खुणा दिसतात. एक ठळक, एक फिकट. निवडणुकीत बाणांच्या फुलीचा शिक्का वापरतात त्यामागं हेच कारण आहे. त्या फुलीचे बाण एका दिशेनं वळलेले असतात, आणि घडीमुळं उमटलेली खूण आरशातल्यासारखी उलटी येते. बाण उलटे वळलेले दिसले की ती खूण मतदारानं मारलेली नाही, घडीची आहे, हे समजतं. ती धरायची नसते. घडी पुन्हा घालून बघितली तर ठळक खूण फिकट खुणेवर नेमकी बसते.

त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला मी असे कागद बघत होतो. कागद पिवळट, ट्यूबलाइट फडफडत होती. आठ ठळक शिक्के, आणि खालच्या अर्ध्या भागात दोन-तीन पुसट खुणा. मोजणारा म्हणाला, "आठपेक्षा जास्त." कागद बादमध्ये गेला. दुसरा गेला. आणखी गेले. किती गेले ते मी मोजलं नाही. मला तेव्हा उलट्या बाणांचं काही माहीत नव्हतं. साहेबांना कळतं, आपण मध्ये कशाला बोला, असं मनात आलं आणि मी गप्प बसलो. त्यांतल्या काही मतपत्रिकांवर आप्पांच्या नावापुढं ठळक शिक्का होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आप्पा तीन मतांनी पडले.

आठवड्यानं वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "बाद मतांवर तुम्ही हरकत घेतली का? लेखी?" नाही. "किती मतपत्रिका, कुठलं टेबल, काही टिपून ठेवलंय?" नाही. "निकाल जाहीर व्हायच्या आधी फेरमोजणी मागितली?" नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

ती मतं खरंच आप्पांची होती की बाद होण्यासारखीच होती, हे आता कधीच कळणार नाही. त्या गठ्ठ्याला सील लागलं आणि विषय संपला. पण त्या पंधरा दिवसांत ज्यांच्यावर दगा दिल्याचा आरोप झाला, त्या घरांत मी नंतर स्वतः जाऊन बसलो आणि हे सगळं सांगितलं. ते मला सांगावंच लागलं.

बाद मताचा निर्णय निकाल फिरवू शकतो, याचं सगळ्या देशानं पाहिलेलं उदाहरण चंदीगडच्या महापौर निवडणुकीचं आहे. ३० जानेवारी २०२४. एकूण मतं फक्त ३६. एका उमेदवाराला १६, दुसऱ्याला १२ आणि आठ मतं बाद. त्या आठांवर पीठासीन अधिकाऱ्यानं स्वतः खुणा केल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं मतपत्रिका मागवून बघितल्या आणि २० फेब्रुवारीला ती आठही मतं वैध धरली. बाराचे वीस झाले आणि निकाल उलटा लागला. तिथं कॅमेरा होता. आपल्या मोजणीत कॅमेरा नसेल तर आपले डोळे आणि आपली वही हेच पुरावे.

वहीत चढवताना

चुकीची आणखी एक जागा असते, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. मोजणी नीट होते, रेघा बरोबर असतात, पण टेबलावरचा आकडा मोठ्या तक्त्यात चढवताना एकाच्या ओळीतला दुसऱ्याच्या ओळीत जातो. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात हेच घडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. ६९ नंबरच्या केंद्रावर दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल झाल्याची तक्रार होती. प्रकरण खालच्या न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेवटी न्यायालयानं मतदान यंत्रं दिल्लीला मागवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या केंद्रांची मतं मोजून घेतली. एकूण मतं ३,७६७. हरलेला म्हणून घोषित झालेला उमेदवार १,०५१ मतं घेऊन पुढं निघाला, जिंकलेला म्हणून घोषित झालेल्याची १,००० भरली. जवळपास पावणेतीन वर्षं गावाचा सरपंच दुसराच माणूस होता.

हे यंत्रावरचं मतदान होतं, हे लक्षात घ्या. यंत्र मोजण्यात चुकलं नव्हतं. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवणारा हात चुकला होता. म्हणून "मतपत्रिका आणा, सगळं सुरळीत होईल" किंवा "यंत्र आहे, आता चूक होणं शक्य नाही", ही दोन्ही वाक्यं मला अपुरी वाटतात. विधानसभा-लोकसभेला प्रत्येक केंद्रावर नमुना १७-क भरतात, त्यात त्या केंद्रावर किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं आणि त्याची प्रत प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रावर दिसणारा एकूण आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. शिवाय २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या) मोजून यंत्राशी ताडून बघतात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मतपत्रिकेकडे परत जायला नकार दिला, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रं तपासून मागण्याची वाट करून दिली. अर्ज निकालापासून सात दिवसांत.

सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी २०२४ च्या विधानसभा निकालानंतर गावातच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. प्रशासनानं परवानगी दिली नाही आणि ते मतदान झालं नाही. त्या लोकांची तळमळ मला समजते. पण असं मतदान झालं असतं तरी ती फेरमोजणी ठरली नसती. दिवस वेगळा, वातावरण वेगळं, मत द्यायला येणारी माणसंही तीच असतील असं नाही. जे मत त्या दिवशी पडलं, त्याचाच कागद किंवा त्याचंच यंत्र पुन्हा मोजणं म्हणजे फेरमोजणी.

फेरमोजणी कधी मिळते

मोजणी पूर्ण झाली की अधिकारी आकडे वाचून दाखवतात. अंतिम निकालावर सही होऊन तो जाहीर होण्याआधी थोडा वेळ असतो. फेरमोजणीचा अर्ज त्याच वेळात द्यायचा, उमेदवारानं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं, लेखी आणि कारणासह. अधिकारी पूर्ण फेरमोजणी देऊ शकतात, काही भागाची देऊ शकतात, किंवा कारण लिहून अर्ज फेटाळू शकतात. एकदा सही झाली की अधिकाऱ्याच्या हातात काही उरत नाही. पुढं फक्त न्यायालय.

कारण म्हणजे काय? "फक्त तीन मतांचा फरक आहे" हे एकटं कारण पुरत नाही. मला हे पहिल्यांदा अन्यायाचं वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. पण "टेबल दोनवर बाद ठरवलेल्या मतपत्रिकांपैकी अमुक इतक्यांवर घडीमुळं उमटलेल्या उलट्या खुणा शिक्के म्हणून धरल्या", हे कारण आहे. "पेटीतून निघालेल्या मतपत्रिका आणि गठ्ठ्यांची बेरीज यांत एकाचा फरक आहे", हेही कारण आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. नाकारला तर नाकारल्याचा कागद घ्यायचा. न्यायालयात हाच कागद बोलतो.

न्यायालय इतकं कडक का, तेही समजून घ्यायला हवं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं की मतपत्रिका तपासायची परवानगी सहज मिळणार नाही. आधी ठोस गोष्टी मांडा, त्या प्रथमदर्शनी खऱ्या वाटल्या पाहिजेत, मगच पेटी उघडेल. आधी पेट्या उघडा, मग चूक शोधतो, हे चालत नाही. यामागं मताची गुप्तता आहे. आमच्यासारख्या गावात हे जास्तच खरं आहे. सहाशे मतांत कुणाची घडी कशी, कुणी मत कसं फोडलं, हे ओळखणारी माणसं असतात. प्रत्येक हरलेल्याला मतपत्रिका पुन्हा बघू दिल्या तर पुढच्या वेळी गरीब माणूस मोकळेपणानं शिक्का मारणार नाही.

अर्जात जे लिहाल तेवढंच न्यायालय बघतं. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ च्या विधानसभेला काँग्रेसचे नेते सी. पी. जोशी एका मतानं हरले. ते प्रकरण प्रदत्त मतांवर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रदत्त मत म्हणजे तुम्ही केंद्रावर पोहोचता आणि कळतं की तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय. मग तुम्हाला वेगळी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात आणि मोजणीत धरत नाहीत. बहुतेकांना हा हक्कच माहीत नसतो, ते शिव्या देऊन घरी जातात. घरी जाऊ नका, प्रदत्त मत द्या, कारण एका मताच्या निकालात त्या लिफाफ्यालाच अर्थ येतो. त्या प्रकरणात न्यायालयानं स्पष्ट केलं की याचिकेत ज्या मतांचा उल्लेख नाही, त्यांच्या मागं न्यायालय जाणार नाही.

दाद मागायची जागा निवडणुकीप्रमाणं बदलते. सोसायटीचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. ग्रामपंचायतीचा वाद १९५८ च्या अधिनियमातल्या कलम १५ प्रमाणं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे, निकालापासून पंधरा दिवसांत. मुदत निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला चूक कळली त्या तारखेपासून नव्हे. म्हणून दुःख ओसरल्यावर वकील गाठायचा, हे चालत नाही. दुसऱ्याच दिवशी जायचं.

माहिती अधिकाराबद्दल लोक नेहमी विचारतात. २०१३ च्या एका निकालानुसार सहकारी संस्था आपोआप माहिती अधिकाराखाली येत नाही. पण निवडणूक घेणारे अधिकारी सरकारी असतात. त्यांच्याकडे असलेले मतपत्रिकांचे हिशेब, मोजणीचे तक्ते, निकालपत्र यांच्या प्रती मागता येतात. सीलबंद मतपत्रिका मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाच मिळत नाहीत. समसमान मतं पडली तर चिठ्ठी, मग ती कितीही मोठी निवडणूक असो. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या प्रभागाचा निकाल असाच चिठ्ठीवर लागला.

आप्पा पुन्हा उभे राहिले

पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक लागली. आप्पा पुन्हा उभे राहिले. या वेळी टेबलावर माझ्यासोबत पुतणी होती. नुकती बी. कॉम. झालेली, आकड्यांची पक्की. तिनं रात्री घरी बसून कोरे तक्ते आखले, प्रत्येक गठ्ठ्याला एक रकाना, शेवटी दोनशेचं घर. समोरच्या पॅनेलचे लोकही ते बघायला आले. तिनं त्यांना दोन तक्ते देऊन टाकले. मला ते आवडलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. दोन्ही बाजूंकडे एकच तक्ता असला की भांडायला आकडाच उरत नाही.

बाद मतांच्या ढिगाशी आम्ही दोघं आळीपाळीनं उभे होतो. उलट्या खुणेची पहिली मतपत्रिका आली तेव्हा मी म्हणालो, "साहेब, घडी घालून बघा." त्यांनी घातली, खूण खुणेवर बसली, मतपत्रिका चांगल्यांत गेली. ते मत समोरच्या पॅनेलचं होतं. त्यानंतर त्यांनी प्रत्येक शंकास्पद मतपत्रिकेची घडी घालून बघितली, कुणाला सांगावं लागलं नाही.

शेवटी गठ्ठ्यांची बेरीज आणि पेटीचा आकडा यांत एकाचा फरक आला. एक मतपत्रिका जास्त होत होती. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, एकानं काय होतंय. पुतणीनं अर्ज लिहिला, चार ओळींचा. अधिकाऱ्यांनी वाचला आणि सरळ मतांचे सगळे गठ्ठे पुन्हा मोजायला लावले. समोरच्या पॅनेलच्या एका गठ्ठ्यात पंचवीसच्या जागी चोवीस निघाल्या. त्यांच्या आठही जणांचं एकेक मत कमी झालं. आप्पा आधी पाच मतांनी मागं होते, आता चार मतांनी.

निकाल जाहीर झाला. आप्पा पुन्हा पडले होते. घरी येताना ते गाडीत पुढं बसले आणि पुतणीकडून तिचे तक्ते मागून घेतले. मोबाईलच्या उजेडात एकेक पान बघत राहिले, आपल्या नावापुढच्या रेघांवरून बोट फिरवत. बोरीच्या फरशी पुलावर गाडी आली तेव्हा त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवले.

"आते माले झोप लागी," आप्पा म्हणाले.